खुर्ची कशासाठी असते

विमानतळावर बॅगांचा पट्टा फिरतो ना, तसं आमच्या कट्ट्याचं आहे. एक गोष्ट उचलावी, तर मागून दुसरी येतेच. कट्टा म्हणजे इथं परदेशात, अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या तळ्याकाठचा बाक. मुलांकडे राहायला आलेले आम्ही म्हातारे तिथं बसतो.

*

आमच्यातले देसाई तळ्याला सर्वांत जोरात फेऱ्या मारतात. पण भारतात जायचं तिकीट काढलं की व्हीलचेअर सांगतातच. मी एकदा विचारलं, गुडघे दुखतात का?

"अण्णा, खुर्ची पायांसाठी नसते. इंग्रजीसाठी असते," म्हणाले. "ढकलणारा माणूस थेट विमानात नेऊन सोडतो. कुणाशी बोलावं लागत नाही."

*

आमच्या हिला मात्र खरीच गरज. अर्धांगवायूनंतर डावा पाय उचलत नाही. कऱ्हाडला तिची थोरली बहीण, अक्का. तिला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच हिच्या मनात. पण व्हीलचेअर म्हटलं की नको. कारण अक्काला फोनवर ही सांगायची, मी अगदी बरी आहे, रोज फिरते. तिकडून अक्का सांगायची, मीही रोज देवळात जाऊन येते.

*

मुलानं विमान कंपनीला फोन लावला. तिकडची बाई एकेक विचारत होती, मुलगा हिला मराठीत सांगत होता. लांब चालता येतं? ही म्हणाली, "येस." पायऱ्या? "येस." तेवढं इंग्रजी तिला येतं. मग बाई म्हणाली, यांना कसलीच मदत नको, आणि फोन ठेवला.

चहा झाल्यावर मी म्हणालो, "मग अक्काला कळव, येत नाही म्हणून."

हिनं अक्काला लावायला फोन उचलला, तसाच खाली ठेवला. मग मुलाला म्हणाली, "त्या बाईला परत लाव."

*

सराव म्हणून एक खुर्ची चार दिवस भाड्यानं आणली. मी सायकलच्या वाटेच्या कडेनं हळूहळू ढकलत होतो. ही पदरानं तोंड झाकून बसलेली. मागून इथली एक आजी चालता न येणाऱ्यांच्या बॅटरीच्या गाडीवरून आली, हात हलवून पुढं गेली.

हिनं पदर काढला. "अहो, जोरात ढकला. म्हातारी पुढं गेली."

*

निघायच्या दिवशी विमानतळावर खुर्च्या कमी पडल्या. शेवटची देसायांना मिळाली होती. आमच्याच विमानाला होते. त्यांनी हिच्याकडे पाहिलं आणि उठले.

"वहिनी, बसा."

मी म्हणालो, "आणि इंग्रजी?"

"वहिनींच्या मागं मागं येतो. कुणी काही विचारलं तर लंगडेन."

*

कऱ्हाडला गाडी थांबली. भाच्यानं हिला भाड्याच्या खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं. ही मान खाली घालून बसली होती. दार उघडलं. आत अक्का होती, तीही चाकांच्या खुर्चीत.

दोघी बघत राहिल्या. मग ही पाया पडायला वाकू लागली, पण वाकता येईना.

अक्का म्हणाली, "राहू दे गं. चाकाला चाक लाव."