पाऊण इंचाचं दुखणं

हाडांच्या वॉर्डात त्यांना सगळे 'काटकोन सिस्टर' म्हणतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला त्या पहिल्याच दिवशी बजावतात, "काटकोनापर्यंत वाकवून दाखवा, मग घरी जा." नाव पडलं ते पडलंच.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक खोड जडली आहे. समोरून कोणी आलं की त्या आधी तोंड बघत नाहीत, चाल बघतात. भाजी घेताना भाजीवाल्याला विचारतील, "डावा खांदा कधीपासून वर जात नाही?" सासूबाई "मला काही होत नाही हो" म्हणत खुर्चीतून उठल्या, की खुर्चीच्या दांड्यावर हाताचा किती भार पडला ते यांनी मनात टिपून ठेवलेलं असतं. नवरा म्हणतो, "घरात तरी आम्हाला वाकडंतिकडं चालू दे गं."

तर या सिस्टरांच्या वॉर्डात एक टेलरमास्तर आले. घसरून पडले, उजव्या खुब्याजवळचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सगळं झकास. पण पाचवा दिवस उजाडला तरी मास्तर उभे राहायला तयार नाहीत.

"पाय आखूड झालाय," ते म्हणाले. "पाऊण इंच."

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवला, समजावलं. मास्तर ढिम्म. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'सरळ उभे राहा' म्हणणारा माणूस आता दुकानात लंगडत जाणार, या विचारानेच त्यांनी अंथरूण धरलं होतं. आणि अंथरूण धरलं की मांडीची ताकद वितळायला वेळ लागत नाही, हे सिस्टरांना पक्कं ठाऊक होतं. आज उभं राहायलाच हवं होतं.

सकाळी त्या आल्या आणि नेहमीप्रमाणे हात न लावता नुसत्या बघत राहिल्या. मग चांगल्या पायापासून सुरुवात केली.

"मास्तर, माझा हात पावलाने ढकला. जोरात! बायकोवर रागावल्यासारखं."

"तिच्यावर रागवायची कोणाची छाती आहे?" म्हणत मास्तरांनी ढकललं.

"ताकद पाचपैकी पाच. आता उजवा."

"त्याला किती?"

"चार. पास आहात. बोटं हलवा. मुंग्या? बधिरपणा? नाही ना? मग उठा."

"पाऊण इंच, सिस्टर! मी स्वतः मोजलंय." मास्तरांनी उशीखालून स्वतःची टेप काढली. "टेपच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही."

"मी कशाला शिकवू? मोजून दाखवा की."

मास्तरांनी टेपचं टोक बेंबीवर धरलं. खालचं टोक त्यांनी सिस्टरांना घोट्याच्या आतल्या हाडावर धरायला लावलं. डावा साडेसदतीस. उजवा पावणेसदतीस. मास्तरांनी विजयी मुद्रेने पाहिलं.

सिस्टरांना हसू आवरेना. "मास्तर, हे पँटचं माप झालं! पायाचं नाही."

"म्हणजे?"

"कंबरेपासून कापड मोजतात. पाय खुब्यापासून सुरू होतो. दुखरी बाजू जपायला पाच दिवस कसे झोपलाय बघा, उजवी कंबर वर ओढून. कंबरच तिरकी, मग माप सरळ कसं येईल?"

त्यांनी हळूहळू मास्तरांची कंबर सरळ करून घेतली, दोन्ही पाय सारखे ठेवले. कंबरेच्या पुढच्या बाजूला हाडाचा जो टोकदार उंचवटा लागतो, त्यावर मास्तरांचंच बोट ठेवलं. "इथून धरा. आज मास्तरही तुम्हीच, गिऱ्हाईकही तुम्हीच."

डावा साडेचौतीस. उजवा साडेचौतीस.

मास्तरांनी परत मोजला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजला. मग टेप गुंडाळली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वॉकर कुठंय?"

पहिल्या पावलाला कपाळावर घाम आला. सिस्टर एका हाताने कंबरेला आधार देत होत्या आणि डोळे पावलांवर होते. "टाच टेका. खाली बघू नका, मी बघतेय." आठ पावलं झाली. खिडकीपाशी मास्तर थांबले आणि आपोआप ताठ झाले.

तेवढ्यात मास्तरांची बायको आली, हातात पिशवी. नवऱ्याला उभं बघून आधी डोळ्यांना पदर लावला, मग कपाळावर आठ्या.

"अहो, पाय सारखे दिसतायत की!"

"सारखेच आहेत," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"आणि परवा फोनवर काय सांगितलंत? तुमच्या तिन्ही पँटचा उजवा पाय पाऊण इंच दुमडून आखूड केलाय मी! पक्की शिलाई मारून!"

सगळा वॉर्ड हसला. समोरच्या खाटेवरचे प्लास्टरवाले आजोबा तर पोट धरून.

"काकू, ओरडू नका," सिस्टर म्हणाल्या, "त्यांना बसून करायला काम हवंच होतं."

मास्तर जपून उंच खुर्चीत टेकले, पिशवीतली पहिली पँट मांडीवर घेतली आणि बायकोकडे कात्री मागितली. टाके उसवत असताना सिस्टरांनी लांबूनच नजर टाकली: दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, भार दोन्हीकडे सारखा. त्यांनी कागदावर तसं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.