राजलक्ष्मी आणि इतर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर सकाळ आहे. मल्लेश्वरममधल्या एका घराचा वरचा मजला, गच्चीकडे उघडणारी खोली. उजवीकडे देव, डावीकडे शिवणयंत्राचं टेबल. टेबलावर शिवणयंत्र नाही, लॅपटॉप आहे. खाली वायरींनी फुगलेली कापडी पिशवी. रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक येते आहे. मधोमध एक बाई उभ्यानेच स्टीलच्या पेल्यातली कॉफी पिते आहे. केसांत अबोली, चष्मा कपाळावर, वय साठीच्या अलीकडचं. लॅपटॉपवरच्या निळ्या चौकटीकडे ती अशी बघते आहे, जणू त्या चौकटीने तिला उलट उत्तर दिलं आहे.

ही राजलक्ष्मी. माझी वरच्या मजल्यावरची शेजारीण.

मी आयुष्यभर नाटकमंडळींबरोबर हिंडलो. बेळगाव, हुबळी, मिरज, सोलापूर. पेटारे उचलले, मिशा चिकटवल्या, मेलेल्या राजांसाठी धाय मोकलून रडलो. आता लेकीकडे, स्मिताकडे, बेंगळुरूला असतो. स्मिता ऑफिसात गेली की घर सुनं होतं, आणि मग मी जिना चढून वर जातो. तिथे रोज काही ना काही चाललेलं असतं.

राजलक्ष्मीचं घराणं इथे कधी आलं हे तिच्या घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही. तिच्या मराठीत काही शब्द असे येतात, जे मी फक्त जुन्या नाटकांच्या वह्यांत वाचले होते, आणि त्यांना खेटून कन्नड. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात तिने नोकरी केली, लवकर निवृत्ती घेतली, आणि आता एका संस्थेसाठी काम करते. ही संस्था कंपन्यांनी टाकून दिलेले संगणक दुरुस्त करून शाळांना, दवाखान्यांना, वाचनालयांना देते. त्या सगळ्या संगणकांचा गाभा राजलक्ष्मी तयार करते.

गाभा म्हणजे कर्नल. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने मला खुर्चीवर बसवलं.

"अण्णा, तुमच्या मंडळीत मॅनेजर होता ना? तसा हा. संगणकाला बाहेरून काही जोडलं, उंदीर म्हणा, प्रिंटर म्हणा, की ते आधी आपला नंबर सांगतं: मी अमक्याच्या घरचा, तमका. गाभा आत बघतो, ह्याच्याशी बोलता येणारा कोण आहे आपल्याकडे? असला तर त्याला पुढे करतो. त्या बोलणाऱ्याला ड्रायव्हर म्हणायचं."

"आणि नसला तर?"

"तर पाहुणा दारात उभा. दिवा लागतो, पण कोणी बोलत नाही."

कोणते ड्रायव्हर ठेवायचे, कोणते काढायचे, हे ठरवणं तिचं काम. निळ्या चौकटीत हजारो ओळी. प्रत्येक ओळीपुढे तीन पर्याय: कायमचा आत, नाहीतर हाक मारली की येणारा, नाहीतर मुळीच नको. सगळेच का ठेवत नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, जागा फार लागत नाही, पण ठेवलेला प्रत्येक ड्रायव्हर म्हणजे एक दार. त्याला कडी नीट लागते का, हे कोणीतरी बघत राहावं लागतं. संस्थेत बघणारी माणसं दोन: ती आणि अजित.

त्या चौकटीत एक यादी आहे, जी कुठल्याच खात्यात बसत नाही अशा यूएसबी उपकरणांची. किरकोळ, एवढंच तिचं नाव. मला ती यादी भारी आवडली. आमच्या जाहिरातीत मोठ्या नटांची नावं ठळक छापून झाली की शेवटी बारीक अक्षरांत असायचं, ‘आणि इतर’. भालदार, दासी, नगरजन. इथेही तसंच. एक नुसता आकडे दाखवणारा दिवा. एक तापमापक. खेळण्यातल्या यंत्राशी बोलणारा मनोरा. आणि काही ओळींच्या मदतीच्या मजकुराखाली एक सल्ला: खात्री नसेल तर ‘नको’ म्हणा.

"हा सल्ला मला पसंत नाही," राजलक्ष्मी म्हणायची. "खात्री नसेल तर जाऊन विचारा, असं पाहिजे."

आणि ती खरोखर जाऊन विचारायची. औषधाच्या दुकानात आम्ही माझ्या गोळ्या घ्यायला गेलो, तर ही काउंटरवर वाकून आत बघते. "मंजुनाथ, ती वायर कुठे जाते रे?"

मंजुनाथने आधी बिलबुक मिटलं. "अक्का, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटच्या?"

"कुठल्याच नाही. ते डबडं बंद पडलं तर तुझं काय अडेल, तेवढं सांग."

"ते बंदच आहे, अक्का. त्याच्यावर मी डबा ठेवतो जेवणाचा."

"सरी, ठीक," म्हणून ही समाधानाने बाहेर. झेरॉक्सवाला, रक्त तपासणारा, देवळाच्या ऑफिसातला कारकून, सगळ्यांना तिने हा प्रश्न विचारून झालेला. लोकांच्या घरात डोकावायची सवय असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ही टेबलाच्या मागच्या बाजूला डोकावते.

तर त्या सकाळी ती मशीनवर रागावली नव्हती. स्वतःवर रागावली होती.

"अण्णा, मी एक गाढवपणा केला. ह्या यादीत एक आहे, पाय हलवण्याचं यंत्र."

"म्हणजे?"

"काही माणसं खुर्चीवर बसून पाय हलवत राहतात, ठाऊक आहे ना? ते किती वेळा हलले ते मोजायचं. कोणीतरी गंमत म्हणून बनवलेली वस्तू. मी वाचलं आणि हसले. अजितला फोन करून वाचून दाखवलं, तोही हसला. आणि हसता हसता ‘नको’ लिहून टाकलं. कोणाला विचारलं नाही. गेल्या महिन्यात तो गाभा सगळीकडे गेला. आज मशीनांकडून आलेला रिपोर्ट बघते, तर के. आर. पुरमच्या एका मशीनला तेच यंत्र जोडलेलं आहे. दारात उभं आहे."

"असेल कोणा पोराचं खेळणं."

"मशीन फिजिओथेरपीच्या खोलीतलं आहे, अण्णा."

तिने घरीच तो एक ड्रायव्हर तयार केला, पेनड्राइव्हवर घेतला आणि चपला घातल्या. मीही घातल्या. मला कुतूहल होतं, आणि नटाला दौऱ्याचं निमित्त लागत नाही. मॅजेस्टिकला मेट्रो बदलून आम्ही के. आर. पुरमला उतरलो.

एका सभागृहामागची ती खोली. दोन खाटा, भिंतीला आडवा धरायचा दांडा, कोपऱ्यात संस्थेचा संगणक. तिथली फिजिओथेरपिस्ट सौम्या, तरुण मुलगी, कन्नडमध्ये भराभर बोलणारी. खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, हिरवं लुगडं, भुवईजवळ गोंदण, डावा पाय पुढे पसरून ठेवलेला, दुसऱ्या कोणाचं सामान असावं तसा. ती भागुबाई, मूळची निपाणीकडची, मुलाबरोबर इथे आलेली. वर्षापूर्वी डावं अंग गेलं. हात बराचसा परत आला. पाय येत होता.

"येत होता," सौम्या दाराशीच हळू आवाजात म्हणाली. "पाऊल वरखाली करायचा व्यायाम अज्जी कधी करायच्या नाहीत. मग कोणीतरी हे यंत्र खोलीला भेट दिलं. पायाला बांधलं आणि स्क्रीनवर आकडा दिसायला लागला, तर अज्जी सुटल्याच. कालचा आकडा आज मोडायचाच. दांडा धरून उभ्या राहायला लागल्या होत्या. मग एक दिवस आकडा शून्यावर बसला."

"आणि त्यांनी व्यायाम सोडला," राजलक्ष्मी म्हणाली.

"व्यायाम नाही सोडला, पायच सोडला. यंत्राला माझा पाय दिसत नाही, म्हणजे पाय मेला, असं म्हणतात. यंत्र बिघडलंय म्हटलं, तर म्हणतात तू पोरगी आहेस, मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. पुढच्या आठवड्यात मुलगा त्यांना गावी नेऊन ठेवणार. तिथे कोण करून घेणार?"

राजलक्ष्मी आत गेली. संगणकापुढे बसली, पेनड्राइव्ह लावला, एक ओळ टाइप केली. कुठे घंटा नाही, प्रकाश नाही. स्क्रीनवरचा मोठा शून्य तसाच राहिला. मी तिच्याकडे पाहिलं.

"आता हा खरा शून्य आहे," ती म्हणाली. "मघाचा खोटा होता. यंत्र सापडलं नाही तरी हा प्रोग्राम शून्यच दाखवतो. कोणी लिहिलाय कोण जाणे, तोंडात मारली पाहिजे त्याच्या."

सौम्याने भागुबाईच्या पावलाला पट्ट्याने ते छोटं डबडं बांधलं. भागुबाईने बांधू दिलं. पण पाऊल हललं नाही.

"हलवा की, अज्जी."

"कशाला? मढ्याला नटवतीस व्हय?"

राजलक्ष्मीने ते डबडं सोडून स्वतःच्या पायाला बांधलं, पाऊल आपटलं, आकडा पळायला लागला. "बघा, आता चालतंय."

"तुझा पाय जिता हाय. त्याला काय धाड भरलीया?" भागुबाईने तोंड खिडकीकडे वळवलं.

डबडं पुन्हा म्हातारीच्या पायाला गेलं. खोलीत शांतता. मी ही शांतता ओळखतो. घसा बसल्यावर बरा होऊन परत आलेला नट विंगेत उभा असतो, वाक्य येत असतं, पण आवाज निघेल का ह्या भीतीने तो तोंडच उघडत नाही. त्याला कितीही समजवा, उपयोग नसतो.

राजलक्ष्मी खुर्ची ओढून भागुबाईच्या समोर बसली.

"आजी, इकडे बघा. पाय मेला नाही. यंत्राशी बोलणारा माणूस मी काढून टाकला होता. मीच. इथे नाही आले, घरी बसून काढला."

"का?"

"मला वाटलं, कोणाला लागत नाही."

"माज्या वस्तूचं तू का ठरिवलंस?"

"चुकलं. मला ते वाचून हसू आलं. पाय हलवतात आणि मोजतात, म्हणून मी हसले, फोन करून दुसऱ्यालाही हसवलं, आणि काढून टाकलं."

भागुबाईची मान गर्रकन वळली. "हसलीस? माज्या पायाला हसलीस?"

"हो."

"रातध्याड मी रडतीया, द्येवाला इचारतीया माजा पाय कुठं न्हेलास, आणि तू तिकडं बसून दात काढतीस? अगं ए शाने! तुला कुणी केली गं पायांची मालकीण? व्हटाला लाली लावून…"

राजलक्ष्मीच्या ओठाला लाली नव्हती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. भागुबाई दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून पुढे झाली होती, आवाज वरच्या पट्टीत, प्रत्येक शिवीला आख्खं अंग ठेका धरत होतं. माझ्या ऐकण्यात बऱ्याच कलहाच्या नाटकांतल्या बायका आल्या, पण अशी फेक मी फार थोड्यांकडे ऐकली.

"अज्जी," सौम्या म्हणाली.

"थांब तू! हिला आदी इचारू दे!"

"अज्जी, आकडा!"

भागुबाई थांबली. स्क्रीनवर शून्य नव्हता. आम्ही तिघं तिकडे बघत होतो; ती नुसती आमच्या तोंडांकडे बघत होती. मग हळूच तिने मान वळवली. बराच वेळ बघितलं. मग कपाळाला आठ्या घालून, एखाद्या हट्टी जनावराला ढोसावं तसं, तिने डाव्या पावलाकडे पाहिलं. पाऊल किंचित वर आलं. आकडा एकाने वाढला.

तिने परत केलं. परत वाढला.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "लई कमी हाय. मागल्या टायमाला कितीतरी जास्त व्हता. सौम्ये, पट्टा नीट आवळ. आणि ह्या हसरीला च्या दे, घसा सुकला असंल तिचा ऐकून ऐकून."

चहा झाला. भागुबाईने राजलक्ष्मीला माहेर विचारलं, जात विचारली, मुलं किती विचारलं, आणि एकही नाही म्हटल्यावर "मग पायांच्या मागं लागली व्हय" असं निदानही केलं. मधे मधे आकडा मोडत होता. मुलाला फोन करून तिने सांगितलं की गावी जायचं बघू, आत्ता वेळ नाही.

परत निघालो तेव्हा सभागृहाच्या पायऱ्यांवर राजलक्ष्मीने अजितला फोन लावला. अजित पुण्याचा मुलगा, मारतहळ्ळीला नोकरी, शनिवार-रविवार संस्थेला देणारा; मनाने चांगला. तिने स्पीकर लावला, कारण तिला वायरी दिसतात पण फोनचं कानाचं छिद्र सापडत नाही.

"मॅडम, ग्रेट. प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना? मग त्या एका मशीनवर राहू दे. कॉन्फिगची यादी कशाला चेंज करायची?"

"पुढचा गाभा आला की हा पुसला जाईल, अजित. पुन्हा शून्य. पुन्हा त्या बाईचा पाय मरेल. यादीतच पाहिजे. हाक मारली की येणारा."

"पण मॅडम, उद्या प्रत्येक जण स्वतःचं एकेक डिव्हाइस घेऊन आला तर? आपण दोघंच आहोत मेन्टेन करायला. तुम्हीच सांगता ना, प्रत्येक ड्रायव्हर म्हणजे एक दार."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. रस्त्यावरून दोन बसगाड्या गेल्या, एक रिक्षावाला आमच्याकडे बघून थांबला आणि पुढे गेला. आतून सौम्याचा आवाज आला, "सावकाश, अज्जी, सावकाश!"

"ह्या दाराची कडी मी रोज बघीन," राजलक्ष्मी म्हणाली. "माझं नाव घाल त्याच्यापुढे."

पलीकडे अजितने उसासा टाकला. की-बोर्ड वाजल्याचा आवाज आला. "ओके मॅडम. घातलं. चेंज केला की रीझन द्यावं लागतं, तुम्हाला माहितीये. काय लिहू? किती युजर्स आहेत?"

राजलक्ष्मीने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"एक पाय," ती म्हणाली. "डावा. लिही तसंच, आणि ह्या वेळी हसू नकोस."