मेंदूशास्त्र आणि बालामणीचा कान

अख्ख्या तिसरीच्या डाव्या कानात कापूस कोंबून मी वर्गात उभा होतो, तेवढ्यात हेडमास्तर दारात आले. कापूस इतका, की सोलापुरातल्या एखाद्या मिलची निम्मी पाळी त्यावर निघाली असती.

"गुरुजी, पिंजाऱ्याचं दुकान काढलंय का?"

"सर, मेंदूशास्त्र आहे."

सत्तर सालानंतरची गोष्ट. त्या उन्हाळ्यात ट्रेनिंगमध्ये एका डॉक्टरांनी लेक्चर दिलं होतं. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजव्या कानाचा हमरस्ता तिकडं जातो. डावा कान बुजवा, असं ते म्हणाले नव्हते. ते संशोधन माझं. माझी निम्मी मुलं विणकरांची, घरी तेलुगू. मराठी उजव्या कानानं थेट मुक्कामी पोचवायची, असा बेत होता.

घाई होती ती बालामणीसाठी. ती दुसऱ्यांदा तिसरीत बसली होती. आदल्याच दिवशी तिची आई येऊन गेली.

"गुरुजी, हिच्या डोक्यात काय बी उतरत न्हाय. सोमवारपासनं बिड्या वळायला बसवते की."

एकदा बिड्यांचं सूप मांडीवर आलं, की मुलगी परत पाटी धरत नसे. मी आठवडाभराची मुदत मागून घेतली होती.

"दाखवा तुमचं शास्त्र," हेडमास्तर म्हणाले.

मी फळ्याकडं तोंड करून म्हणालो, "सगळे उभे राहा."

वर्ग उठला. बालामणी बसलेली. मग इकडंतिकडं बघून उठली.

"हिला मराठी कळत नाही, एवढंच सिद्ध झालं," हेडमास्तर म्हणाले.

मी तिच्या उजवीकडच्या मुलीला हळूच सांगितलं, "हिला तेलुगूत बसायला सांग."

तिनं सांगितलं. बालामणी उभीच. तेलुगू तर तिच्या घरची भाषा.

मी तिच्या डाव्या कानातला कापूस काढला. मुलीनं तेच पुन्हा सांगितलं. बालामणी लगेच बसली.

हेडमास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मुलींची रांग डाव्या भिंतीला. भिंतीपलीकडं यंत्रमाग. तिचा चांगला डावा कान मागांकडं, निकामी उजवा कान माझ्याकडं. एवढे दिवस ती खडखडाट शिकत होती.

आईला बोलावलं.

"ल्हानपणी कान फुटला हुता, व्हय. पर घरात ऐकते की."

"घरात तुम्ही ओरडून बोलता."

"माग चालू असतोय. हळू बोलून कसं चालंल?" मग तिनं विचारलं, "म्हंजे, डोकं बरं हाय तिचं?"

"माझ्यापेक्षा बरं आहे."

तिनं पदर तोंडाला लावला.

बालामणीला मी उजव्या भिंतीशी, पहिल्या रांगेत बसवलं. ती मराठीत पहिली आली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. आली नव्हती. काठावर पास झाली आणि चौथीत गेली. बिड्यांचं सूप लांबणीवर पडलं.

पुढं नवा वर्ग मिळाला, की पहिल्या दिवशी मी काही शिकवायचो नाही. एकेकाच्या मागं उभं राहून हळूच नाव घ्यायचो आणि कोण वळत नाही ते बघायचो.