मुसळावर गेलेला बेडूक

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

तुमची आई या खेपेला आली तेव्हा माझं कपाट आवरताना तिला बोटभर उंचीची एक बाटली सापडली. "आई, यात काहीच नाही, टाकून देऊ?" असं ती म्हणाली. मी तिच्या हातून बाटली ओढूनच घेतली. नंतर फोनवर तुम्ही विचारलंत, तेव्हा थोरल्याला मी सांगितलं की ती एका नव्या जातीच्या बेडकाची कात आहे. धाकटीला सांगितलं की साध्याच बेडकाची आहे. तुम्ही दोघांनी उत्तरं ताडून पाहिलीत आणि मला पकडलंत. माझी दोन्ही उत्तरं त्या त्या वेळी मला खरीच वाटली होती. म्हणून आता सगळं क्रमाने लिहून काढते. लिहिता लिहिता माझाही गोंधळ सुटला तर बरंच.

बहात्तर साल होतं. हिंगोलीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होते आणि औरंगाबादच्या एका सरांच्या हाताखाली बेडकांवर संशोधन करायचं मनात होतं. सरांनी अजून मला विद्यार्थिनी म्हणून घेतलं नव्हतं. "आधी काहीतरी दाखवा," एवढंच ते म्हणाले होते. सुट्टीत मी जवळा बाजारच्या बाजूला आमच्या गावी आले. आदल्या वर्षीचा पाऊस गेला होता, यंदा मृगही कोरडा चालला होता, आणि गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम सुरू होतं. जमीन पुरुषभर खोल खणली जात होती. बेडूक शोधायला याहून चांगली जागा मला मिळाली नसती. मी रोज छत्री घेऊन तिथे बसायची आणि मातीतून काय निघतं ते पाहायची.

कामावरच्या बायकांची त्यावर करमणूक चाले.

"बाई, आमी भाकरीसाठी माती काढून राहिलो, तुमी काहून बसता उन्हात?"

"तिला बेडूक पायजे, बेडूक."

"मंग नवरा कदी पायजे?"

एके दिवशी त्यांच्यातलीच एक ओरडली आणि मी धावले. ढेकळाच्या पोटात लिंबाएवढा एक गोळा होता. वरून कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, कोरडं आवरण, आणि आत मिटलेला बेडूक. मागच्या पायाला माती उकरायचा टणक उंचवटा होता, म्हणजे बिळात राहणारी जात. पण आपल्याकडच्या अशा बेडकाला असं आवरण असतं हे मी कुठेच वाचलं नव्हतं. दूरच्या देशांतल्या काही बेडकांबद्दल वाचलं होतं, तेवढंच. घरी आल्यावर बेडूक हलला, पापुद्रा मागच्या पायाजवळ फाटला आणि अख्खा सुटून आला. तो मी स्पिरिटमध्ये घातला. बेडूक ओलसर माती भरलेल्या मडक्यात ठेवला. सरांना कळवलं, तर त्यांचा निरोप आला: नुसता पापुद्रा आणू नका, बेडूक जिवंत आणा, दोन्ही एकत्र पाहू.

म्हणजे तो बेडूक जिवंत औरंगाबादला पोचला तर मला विद्यापीठाचं दार उघडणार होतं. मी सोमवारची एस.टी. ठरवली.

रविवारी सकाळी पाटलाची आई, म्हातारी पाटलीण, आमच्या दारात आली.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती. माझे वडील शाळेत शिक्षक होते, आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला होता, भिंतीवरचे जुने देव कधीच उतरवले होते. पाटलीण त्या वाटेने कधी आलेली मला आठवत नाही. त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मागे दोन गडी मुसळ घेऊन, आणि माझ्या आईला म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या लेकीजवळ बेडूक हाय म्हणं?"

पाऊस ओढ देतो तेव्हा आमच्याकडे धोंडी काढतात. मुसळाला कडुलिंबाचा पाला आणि एक जिवंत बेडूक बांधायचा, दोघांनी ते मुसळ खांद्यावर घेऊन दारोदार फिरायचं, आणि प्रत्येक घरच्या बाईने त्यावर पाणी ओतायचं. शेवटी बेडूक पाण्यात सोडायचा. त्या वर्षी मुसळ होतं, पाला होता, पण साऱ्या शिवारात बेडूक नव्हता. होता तो माझ्या मडक्यात.

मी म्हणाले, "तो उद्या औरंगाबादला न्यायचाय."

"तिथं पाऊस न्हाई का पडत?" पाटलीण म्हणाली.

वडील आतून बाहेर आले. "आम्ही हे सगळं सोडलंय, पाटलीणबाई."

"गुरुजी, तुमी सोडलं. तहान सोडली का?"

वडील मागे वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. विज्ञानाच्या बाजूने बोलायचं तर मी बोलायला हवं होतं, पण मी त्या म्हातारीच्या फुटलेल्या ओठांकडेच पाहत राहिले. तेवढ्यात आई म्हणाली, "बेडूक आमचं, तर पयलं पाणी बी आमच्या घागरीतलं पडंल. मंग वर जाऊ द्या धोंडी."

धोंडी आमच्या वस्तीत कधी येत नसे, आणि आमच्या घरचं पाणी पडलेलं मुसळ वरच्या आळीत जाणं हे तर कोणाच्या मनातही आलं नसतं. पाटलिणीने गड्यांना मुसळ पुढे आणायला लावलं. मग म्हणाली, "वत."

मी अट घातली की बेडूक संध्याकाळी परत मिळाला पाहिजे. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची मऊ चिंधी फाडून मीच तो बांधला. आईने तांब्याभर पाणी ओतलं. मातकट, सुरकुतलेला माझा बेडूक बघता बघता फुगला, पाठीवर पिवळसर रंग आला, डोळे उघडले. मला आनंद व्हायला हवा होता की भीती, ते ठरवता आलं नाही. पाठीवरचे ठिपके तो कोरडा असताना मी पाहिले होते तसे आता दिसत नव्हते.

पाटलीण गेल्यावर आई हसली. "आज मी मास्तरीणबाई झाले. काल तिच्या गड्यानं मला 'ए' म्हणून हाक मारली हुती."

वडील म्हणाले, "यात आपण जिंकलो का हरलो?"

"मला काय इचारता? तुमी शिकलेले," आई म्हणाली.

संध्याकाळी कळलं की धोंडी फिरवणाऱ्यांनी रीतीप्रमाणे बेडूक सोडून दिला होता. गावात पाणी फक्त पाटलाच्या विहिरीत उरलं होतं, तेही तळाला. त्या विहिरीवर आम्ही पाणी भरत नसू; पाटलाचा गडी दुरून घागरीत ओतेल तेवढंच आम्हाला मिळायचं. मी काठापासून दूर उभी राहिले आणि रडले. पाटलीण आली, मला न्याहाळून म्हणाली, "रडती काहून? पायऱ्या हायेत की. उतर न् धर तुझं बेडूक."

मी उतरले. तळाच्या चिखलात हिरवी चिंधी पडली होती आणि जवळच तीन बेडूक माती उकरत होते. तिघांच्याही पायाला तोच उंचवटा, तिघेही चिखलाने माखलेले. शिवारात बेडूक नाही म्हणून माझा नेला होता, आणि इथे तीन! ते आधीपासून खाली होते, की धोंडीच्या पाण्याचा आवाज ऐकून मातीतून वर आले, कोण जाणे. मी एकेकाला धुऊन पाहिलं. प्रत्येक वेळी वाटलं, हाच. शेवटी चिंधीच्या सगळ्यात जवळ होता तो उचलला.

औरंगाबादला सरांनी बेडूक भिंगाखाली पाहिला, मग बाटली उजेडात धरली. "बेडूक ओळखीचा आहे," ते म्हणाले. "पापुद्रा ओळखीचा नाही. दोन्ही एकाच प्राण्याचे आहेत हे तुम्ही खात्रीने सांगाल?"

मी नाही म्हणाले.

त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली आणि ते म्हणाले, "तुम्हाला विद्यार्थिनी म्हणून घेतो." माझ्या नाही म्हणण्यामुळे घेतलं, की दुसरी कोणी मुलगी विचारायला आलीच नव्हती म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी पदवी घेतली ती शेताच्या बांधावरच्या सापसुरळ्यांवर. पुढे पुष्कळ वर्षं साप, सरडे, बेडूक यांच्यातच गेली. दर उन्हाळ्यात जिथे खोदकाम दिसलं तिथे थांबले. तसा पापुद्रा पुन्हा दिसला नाही.

त्या आठवड्यात पाऊस आला नाही. पण मी विहिरीत उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आई घागर घेऊन तिथे गेली आणि आपल्या हाताने भरून आली. कोणी काही बोललं नाही. पाटलिणीने तसं सांगून ठेवलं होतं, की सगळे उन्हाने इतके थकले होते की बोलायचं राहून गेलं, यावर आई आणि वडील शेवटपर्यंत वाद घालत. दोघांचंही मला पटायचं.

तेव्हा मुलांनो, मी तुम्हाला खोटं सांगितलं नाही, पण खरं काय तेही मला सांगता येत नाही. ती विहीर आता बुजवली आहे, पाझर तलावात गाळ भरला आहे. बाटलीतलं स्पिरिट मी वेळोवेळी बदलत आले. पापुद्रा आहे तसाच आहे, फक्त मागच्या पायाजवळ फाटलेला.