सापडेल असा फोटो

माझ्या थोरल्या साडूंशी ज्याचं एकदाही भांडण झालेलं नाही असा माणूस श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात असलाच, तर तो एक तर कालच्या एस.टी.नं गावात उतरलेला असेल, नाहीतर ठार बहिरा असेल. बाकी सगळ्यांचा नंबर लागून गेला आहे. गावात त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसाचे, निवडीचे, उद्घाटनाचे, दहाव्याचे असे सगळे फ्लेक्स ते छापतात, आणि छापताना ज्याचा असेल त्याला मनापासून शिव्या देतात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी देतात. गिऱ्हाईकही निमूट ऐकून घेतं, कारण त्यांच्यासारखे रंग पंचक्रोशीत कुणाला जमत नाहीत. नात्यानं आम्ही साडू, म्हणजे तसे एकाच सासऱ्याने गाठलेले दोघं. पण वयानं आणि आवाजानं ते इतके मोठे की मी त्यांना 'भाऊ' म्हणतो आणि शक्यतो दाराजवळच्या खुर्चीवर बसतो.

भाऊंचा पहिला राग चौकात टांगलेल्या चेहऱ्यांवर. एकदा मी नगरहून गेलो तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभे होते. समोर भलाथोरला फ्लेक्स होता. वर पांढऱ्या कपड्यांतले, काळ्या गॉगलातले, मोबाईल कानाला लावलेले एक दादा आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगाच रांगा. "बघा साडू," भाऊ म्हणाले, "एवढी थोबाडं टांगली चौकात. यातलं एक तरी हरवलंय का? समदी सांजच्याला त्या पारावर बसल्याली असत्यात. ज्यांला रोज बघून जीव इटला, त्यांचं फोटो भिंतीएवढं. आन जो घरातनं गेलाय, ज्याच्यापायी घरात कुनी जेवंना, त्याचा फोटो येवढा." त्यांनी तळहात दाखवला. "त्यो बी खांबाला, खाली. जितं कुत्रं पाय वर करतं तितं." मी भीतभीत म्हणालो, "पण भाऊ, हा फ्लेक्स तुम्हीच छापलाय ना?" "म्हनून तर जास्त राग येतोय," ते म्हणाले आणि आत गेले.

हरवलेल्या माणसाचा फ्लेक्स करायला कुणी आलं की मात्र भाऊ हातातलं सगळं बाजूला सारतात. मग दादांचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी झाला तरी त्यांची हरकत नसते. पण खरी भांडणं तिथंच होतात. लोक फोटो आणतात तो लग्नातला. फेटा बांधलेला, गंध लावलेला, गळ्यात हार. एकानं तर भावाचा घोड्यावरचा फोटो आणला होता. भाऊंनी तो हातात धरला, उलटा करून बघितला आणि विचारलं, "घोड्यावर बसून गेला का घरातनं?" मजकूरही तसाच आणतात. रंग गोरा, स्वभाव मनमिळाऊ, उत्तम घराणं. "सोयरीक जुळवताय का मानूस शोधताय?" भाऊ टेबलावर हात आपटतात. "शोभंल असा नगं, सापडंल असा फोटो आना." मग त्यांचे प्रश्न सुरू होतात. चालताना पाय ओढतो का? तंबाखू कुठल्या गालात धरतो? हाक मारली की लगेच वळतो का दुसऱ्या हाकेला? पुढचे दात आहेत का? आलेल्या नातेवाइकांपैकी एखादा मग खाली मान घालून सांगतो की डोक्यावर थोडा परिणाम होता, पण ते तेवढं लिहू नका. तिथं भाऊ उठूनच उभे राहतात. "मंग मानूस बी लपवूनच ठिवा की. शोधता कशाला?"

मला विचाराल तर यात भाऊंचं काय चुकतं? आपल्याकडं माणूस हरवला तर चालतो, इज्जत हरवता कामा नये. घरातलं कुणी विसरभोळं झालं, भ्रमिष्ट झालं, की आधी दार लावून घ्यायचं आणि ते दारातून निसटलं की शोधतानाही अर्धं दार लावूनच शोधायचं. मी नगरमध्ये शिक्षकांच्या घरात वाढलो, चार पुस्तकं वाचलेली माणसं आमच्यात ढिगानं आहेत. तीही यात मागं नाहीत. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं.

भाऊंनी या रोगावर जो इलाज काढला, त्यानं मात्र आमचं सगळं सासर हैराण झालं. कुठल्याही कार्याला ते येतात ते मोबाईल उपसूनच. स्टेजकडं ढुंकून बघत नाहीत. मांडवाच्या मागं जातात, आचाऱ्याजवळ, हात धुवायच्या जागी, आणि म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढतात. कवळी काढून खिशात ठेवलेली असते तेव्हा काढतात. पाठमोरे काढतात, कारण रस्त्यात दिसते ती माणसाची पाठ. चपलांचेसुद्धा काढतात. माझ्या वडिलांचा बंडी आणि पट्ट्यापट्ट्याच्या अर्ध्या चड्डीतला, अंगणात पाठ खाजवतानाचा फोटो त्यांच्याकडं जपून ठेवलेला आहे. माझ्या बायकोचा त्यांनी गाऊनमध्ये, डोक्याला तेल चोपडलेलं असताना काढला तेव्हा ती कडाडली. भाऊ शांतपणे म्हणाले, "तू हरवशील ती काय शालू नेसून हरवशील?" ती दोन सण त्यांच्याशी बोलली नाही. पण फोटो काही त्यांनी पुसला नाही.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी 'हा मुलगा हरवला आहे, कृपया पुढे पाठवा' असं टाकलं की आम्ही मोबाईल उपडा ठेवतो. भाऊ लगेच खालच्या नंबरवर फोन लावतात. एकदा मेहुण्यानं असाच एक केविलवाणा पोरगा पुढं ढकलला. भाऊंनी फोन केला, तर पलीकडं तो पोरगाच होता. दाढी करत होता. केव्हाच सापडला होता, आता नोकरीला लागला होता, आणि रोज चारदोन फोन घेऊन घेऊन वैतागला होता. मग भाऊंनी मेहुण्याची जी खरडपट्टी काढली ती ग्रुपवरच्या व्हॉइस मेसेजमध्ये सगळ्यांनी ऐकली. "बोट उचललं की लावलं फुडं. फोन करायला काय झालतं? तुमी असल्या शिळ्या हरवल्याल्यांनी मोबाईल भरून टाकता, मंग खरा हरवल्याला कोन बघंल?" तेव्हापासून ग्रुपवर फक्त सुप्रभात येतं.

स्टँडवर कुणी फार वेळ एकटं बसलेलं दिसलं की भाऊ शेजारी जाऊन बसतात आणि गाव विचारतात. एक म्हातारबा असेच सापडले. भाऊंनी त्यांना चहा पाजला, वडा खिलवला, हळूहळू मुलाचं नाव काढून घेतलं आणि फोनच लावला. म्हातारबा खवळले. "मी हरवलो न्हाई," ते म्हणाले, "मी रुसलोय. आजून त्यांला कळायचं हाय." भाऊंनी त्यांना आणखी एक वडा दिला आणि मुलाला सांगितलं की तास-दीड तासानं ये, आत्ताच आलास तर बापाचा रुसवा वाया जाईल.

पण भाऊ पहिल्यापासून असे नव्हते. भांडखोर होते, पण वाढदिवसाचे फ्लेक्स हसतहसत छापायचे. संगणकावर फोटो गोरा करण्यात तर त्यांचा हातखंडा. कितीही रापलेला चेहरा आणा, भाऊ त्याला दुधानं धुवून काढायचे.

काही वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या वस्तीवरची एक म्हातारी बाजाराच्या दिवशी गर्दीत हरवली. तिला काही आठवत नसे, स्वतःचं नावसुद्धा. थोरला मुलगा भाऊंकडं फोटो घेऊन आला. कुठल्याशा लग्नातला होता, नथ घातलेला, शेला पांघरलेला. "पै-पाव्हनं बघतील, चांगला करा," तो म्हणाला. घरात पोरीची सोयरीक चालली होती, म्हणून 'विसरते' हे लिहायचं नव्हतं. भाऊंनी नेहमीसारखा हात फिरवला. सुरकुत्या काढल्या, रंग उजळला, आणि कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे डाग दिसत होते तेही साफ केले. ते म्हातारीचं गोंदण होतं. फ्लेक्स श्रीरामपूरच्या बाजूला एका स्टँडवर लागला. लोक म्हणाले, काय झकास झालाय.

त्या घरातल्या थोरल्या सुनेला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिच्या मोबाईलमध्ये सासूचा एक फोटो होता. ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडताना, तोंडानं पुटपुटताना, विटक्या लुगड्यातला. तो घेऊन ती एकटीच टपरी टपरी हिंडली. त्याच स्टँडवरच्या चहावाल्यानं बघताक्षणी ओळखलं. "ही व्हय? ही तर कालपातूर हितंच हुती. त्या फ्लेक्सच्या सावलीला बसायची. म्या चहा पाजला दोनदा. वर बघून मला म्हनली, ही कोन रं बाई, लई मोठ्या घरची दिसती." मग आता कुठं गेली, असं सुनेनं विचारलं. म्हातारी आदल्या दिवशी नेवाशाकडं जाणाऱ्या गाडीत चढली होती, असं तो म्हणाला. पुढं तिचा माग लागला नाही. आजतागायत लागलेला नाही.

सुनेनं दुकानात येऊन हे सांगितलं तेव्हा भाऊ दादांच्याच कुठल्या तरी फ्लेक्सवर काम करत होते. आमची आक्का, म्हणजे त्यांची बायको, सांगते की त्यांनी मशीन बंद केलं आणि दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या दिवशी त्यांनी डोक्यात जी राख घालून घेतली ती अजून तशीच आहे. जगावर ओरडतात ते खरं तर कुणावर, हे आक्काला ठाऊक आहे, म्हणून ती मध्ये पडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेंगा फोडणाऱ्या म्हातारीचा फ्लेक्स छापला. गोंदणासकट, सुरकुत्यांसकट, 'हिला स्वतःचं नाव आठवत नाही' या ओळीसकट. आणि तो वाढदिवसाच्या आकाराचा करून भर चौकात लावला. म्हातारीच्या मुलांनी घरी आकांत केला की आईची शोभा केली. आणि आठवड्याच्या आत त्यावर दादांचा वाढदिवस चढला. भाऊ शिडी घेऊन गेले आणि भर चौकात दादांना टराटरा फाडून खाली आले. दादांच्या मागची पोरं धावून आली. चौकीपर्यंत गेलं प्रकरण. भाऊ तिथंही गप्प बसले नाहीत. "तुमच्या दादाला आठ दिस हरवून दाखवा," ते म्हणाले, "मी दुप्पट मोठा लावतो. फुकट." जमादारानं तोंडावर रुमाल धरला म्हणतात. ती जागा मात्र तेव्हापासून म्हातारीची झाली. फ्लेक्स उन्हानं विटला की भाऊ नवा लावतात.

गेल्या वर्षी थोरला मुलगा पुन्हा दुकानात आला. श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. फोटो तोच, गोरा केलेला. "कुठवर वाट बघायची?" तो म्हणाला. "घरात शुभकार्य अडतंय. एकदाचं काय ते व्हऊन जाऊ द्या." मी तिथंच होतो. भाऊंचा आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकलाय, पण त्या दिवशी ते हळू बोलले आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "मेल्याली बघितली का तू? न्हाई ना? मंग तुझ्या सोयीसाठी मी तिला मारायची? एकदा म्या तिला हरवलीया. आता मारनार न्हाई." तो गेला. श्रद्धांजली त्यानं दुसरीकडून छापून घेतली. बोर्ड लागला, हार चढला, जेवणं झाली. जेवायला गाव गेलं. भाऊ गेले नाहीत, आणि सून वाढायला उभी राहिली नाही.

गेल्या महिन्यात मी दुकानात बसलो असताना ती सून आली. बाजाराची पिशवी पायाशी ठेवली. भाऊंनी न विचारताच संगणकावर तो फोटो काढला आणि दोघं बघत बसली. मग ती म्हणाली, "भाऊ, ह्यो फोटो आता जुना झाला. आत्या आता आशा न्हाईत दिसायच्या." सासूला ती आत्या म्हणते. "थकल्या असत्याल. कुनी समूर बघितल्या तरी ह्याच्यावरनं वळखायचं न्हाईत. जरा वय वाढवून देता का?"

मला वाटलं आता भडका उडणार. त्या घटनेनंतर भाऊंनी कुणाच्याही चेहऱ्यावर हात फिरवलेला नाही, भल्याभल्या दादांना त्यांच्या मुरुमांसकट छापलं आहे. पण त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"केस?"

"कपाळावरचं गेलं असत्याल. तितं आधीच इरळ हुतं."

"गाल?"

"बसलं असत्याल. खायाला कोन घालतंय तितं."

"फुडचा दात?"

"हालत हुता. काढा त्यो."

भाऊंनी दात काढला. गाल आत घेतले. डोळ्यांखाली एकेक रेघ ओढत गेले आणि प्रत्येक रेघेला मान वळवून सुनेकडं बघत राहिले. म्हातारी आमच्या समोर हळूहळू म्हातारी होत गेली. "आजून जरा," सून म्हणाली. त्यांनी जरा केलं. "आजून," ती म्हणाली. भाऊंनी माऊसवरचा हात काढला.

"बास," ते म्हणाले. "ह्याच्या फुडं न्हाई नेत मी तिला."

सुनेनं मान हलवली. फ्लेक्स छापून हळूहळू मशीनबाहेर येऊ लागला, आधी कपाळ, मग डोळे. ते डोळे समोर आले तसा तिनं घाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ती उठून उभी राहिली. भाऊंनी फ्लेक्स वाळायला टांगला. त्यानंतर दुकान बंद होईपर्यंत ते कुणावरही ओरडले नाहीत.