स्मारकाला लावलेलं खोबरेल

"अहो आई, थांबा!" मी ओरडले, पण तोवर वाटी रिकामी झाली होती. कोरलेल्या अक्षरांतून तेल खाली ओघळत होतं…

सप्टेंबरातला शनिवार. यॉर्कशरमधल्या आमच्या लहानशा गावातलं युद्धस्मारक सारा उन्हाळा आम्ही व्हॉलंटियर्स धूत होतो. फक्त पाणी आणि मऊ ब्रश. साबण नाही, ॲसिड नाही, तारेचा ब्रश तर नाहीच… हे ग्रॅहमचे नियम. ग्रॅहम म्हणजे या कामावर देखरेख करणारा पाथरवट.

रविवारी कार्यक्रम होता. तेल पडलं ते नाव होल्ड्सवर्थ. त्याची मुलगी आता नव्वदीची आहे, आणि ती दुसऱ्या दिवशी वडिलांचं नाव बघायला येणार होती.

माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांचा थोरला भाऊ फौजेत होता, लढाईत गेला, शरीर घरी आलंच नाही. मग त्यांची आई दर दसऱ्याला वेशीवरच्या वीरगळीला तेल लावायची. इथे खोबरेल थिजतं, म्हणून आईंनी ते रेडिएटरवर ठेवून पातळ करून आणलं होतं. कोमट तेल. दगडानं ते लगेच पिऊन टाकलं.

"किती कोरडा पडला होता बिचारा," आई म्हणाल्या. होल्ड्सवर्थच का? तर तिथवर हात पोचला.

ग्रॅहम आला. मी सगळं सांगितलं, भावाचंही. त्यानं कोरलेल्या नावांकडे बोट केलं.

"यांच्यातलंही कुणी परत आलं नाही," तो म्हणाला. मग आईंकडे वळून, "पण लव, दगडाला तेल नको हं." आईंनी मान डोलावली. लव म्हणजे काय ते त्यांनी मला नंतर विचारलं; इकडे प्रेमानं कुणालाही तसं म्हणतात.

उपाय होता. फुलर्स अर्थ स्पिरिटमध्ये कालवायची, डागावर जाड थापायची आणि वर प्लॅस्टिक लावायचं. रात्रभरात ती तेल ओढून घेते. पण ग्रॅहमकडची संपली होती आणि दुकान सोमवारी उघडणार होतं…

मला एकदम हसू आलं. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती, मी आईंना सांगितलं.

"आहे की माझ्या बॅगेत," आई म्हणाल्या. "तुझ्यासाठीच आणलीय. तू कुठे तोंडाला काही लावतेस!"

ग्रॅहमनं पाकीट हुंगलं. सेंट नाही, रंग नाही, याची खात्री केली. आधी मागच्या पायरीवर थोडी लावून पाहिली, मग म्हणाला, चालेल. आईंनी शेणानं भिंत लिंपावी तशी एकसारखी माती थापली. त्यानं एकदाही हात धरला नाही. डाग निघेल, याबद्दल मला शंका नव्हती. लिंपणं आईंचं होतं.

रविवारी सकाळी आम्ही प्लॅस्टिक काढलं. माती तेलानं काळपट झाली होती, लाकडी पट्टीनं अलगद सुटली. शेवटच्या अक्षराखाली बोटभर सावली उरली. ती ग्रॅहमनं तशीच राहू दिली. अकरा वाजता होल्ड्सवर्थची मुलगी व्हीलचेअरमधून आली आणि तिनं वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं… आई शेजारी उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे धरून.