चिनी वकील आणि सोमलीबाईचे सात रुपये

घरी आलेल्या माणसाला चिनी वकील आधी हात धुवायला लावत. चहापाणी, विचारपूस सगळं नंतर. साबणाची वडी आणि पंचा ओसरीवर तयारच असे. हात कोरडे झाले की ते उजेडाकडे धरून तपासत आणि मगच कपाटाची किल्ली काढत. अशिलांनाही यातून सूट नव्हती. त्यामुळे उमरखेडात ज्याला खरोखर वकील हवा असे, तो दुसरीकडे जाई.

त्यांचा चीनशी संबंध एवढाच, की चिनी व्यापाऱ्यांचे ठसे मारलेली चांदीची नाणी ते जमवत. कुठलं मेक्सिकोचं, कुठलं स्पेनचं, कुठलं खुद्द मुंबईच्या टाकसाळीतलं. सगळी आपल्या रुपयापेक्षा रुंद आणि जड. चीनमधला व्यापारी असं नाणं हातात आलं की चांदी पारखायचा आणि खरी निघाली की आपल्या पेढीचा बारीक ठसा त्यावर ठोकायचा. नाणं जितकं फिरे तितके ठसे वाढत. काही नाण्यांवर राजाचं नाकसुद्धा उरलेलं नव्हतं. "एकेक ठसा म्हणजे एकेका माणसाची हमी आहे, बाई," ते मला सांगत. चिनी अक्षर त्यांना एकही वाचता येत नव्हतं. तरी हा ठसा रेशीमवाल्याचा, हा चहावाल्याचा, असं ते बेधडक सांगत. मागच्या रविवारचा रेशीमवाला या रविवारी चहावाला झालेला असे.

"असे संग्रह भारतात तीनच," हे त्यांचं आवडतं वाक्य. पहिले दोन कोणाचे असं विचारलं की कधी मुंबईचा एखादा शेठ, कधी कलकत्त्याचा डॉक्टर, कधी कुठलेसे संस्थानिक अशी उत्तरं मिळत. नावं बदलत, गावं बदलत. तिसरा संग्रह मात्र कायम त्यांचाच राही.

मी त्यांच्या घरी गेले ती यादी करायला. मी तेव्हा कन्याशाळेची मुख्याध्यापिका होते आणि शाळेतल्या पाट्यांपासून घागरींपर्यंत सगळ्याची यादी ठेवत असे, हे गावाला ठाऊक होतं. एकसष्ट साली पाच रविवार बसून मी त्यांच्या नाण्यांची यादी केली. नाणं कोणाकडून आलं याचा रकाना मी आखला, तेव्हा ते म्हणाले, "तो काढून टाका. संग्रहात आलं की ते संग्रहाचं." मी रकाना काढला नाही. रिकामा ठेवला.

चौथ्या रविवारी बाजार होता. ढाणकीच्या वाटेवरच्या तांड्यातली सोमलीबाई मिरच्या विकून दारावरून चालली होती. तिच्या गळ्यात रुपयांचा हार होता, आणि त्यात सात नाणी चिनी ठशांची. वकील ओसरीवरून उडी मारावी तसे खाली उतरले. कधीकाळी तिच्या सासऱ्यांचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलुख फिरत. मुंबईकडून आलेली ही विद्रूप नाणी सोनारांनी त्यांना स्वस्तात दिली असावीत, असं वकील मला इंग्रजी-मराठीत समजावू लागले. तिला एवढंच म्हणाले, "आठ दिवसांसाठी ही सात दे. कागदावर छाप घेतो आणि परत करतो."

सोमलीबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तरीणबाई बसून हायेत ना इथं, मंग घ्या," ती म्हणाली आणि हार सोडला.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा सातही नाण्यांच्या कड्या सोनाराकडून कापून झाल्या होत्या. घासूनपुसून ती इतरांत मिसळलेली होती. "कडीमुळे नाण्याची शोभा जाते," वकील म्हणाले. मी त्या रिकाम्या रकान्यात लिहिलं : सोमलीबाईची सात, उसनी. कुठली सात, ते मात्र मला लिहिता आलं नाही. तेव्हाच भांडायला हवं होतं. मी वही मिटून घरी आले.

आठ दिवसांचं वर्ष झालं. सोमलीबाई बाजाराला आली की त्यांच्या दाराशी उभी राही.

"वकीलसाब, माह्ये रुपये?"

"पुढच्या बाजारी ये."

"पुढचा बाजार कित्ती लांब असते तुमचा? फागुनात पोरीचं लगन हाये. हार तिच्या गळ्यात घालाचा हाये मले."

बासष्टच्या हिवाळ्यात चीनशी युद्ध पेटलं आणि वकिलांची पंचाईत झाली. ज्या टोपणनावावर ते खूश असत, तेच आता पोरं रस्त्यात ओरडून म्हणू लागली. त्यांनी लगेच बोलणं फिरवलं. "नाणी मेक्सिकोची हो! चिन्यांनी फक्त नासवली." तेवढ्याने भागेना, तेव्हा सरकारी मदतनिधीच्या सभेत सगळा संग्रह देशाला देणार, असं भर चौकात जाहीर करून ते मोकळे झाले. टाळ्या पडल्या. सभा पुढच्या सोमवारी होती.

मी दुसऱ्याच दिवशी वही घेऊन गेले. "यातली सात तुमची नाहीत," म्हटलं.

"देशापुढे सात नाण्यांचं काय घेऊन बसलात, बाई!"

"ते सोमलीबाईला विचारू."

तांड्यावर निरोप पाठवला आणि रविवारी सकाळी ती आली. वकिलांनी सवयीने साबण पुढे केला. तिने तो पाहिलाही नाही. ओसरीवर मांडी घातली आणि म्हणाली, "देशाले द्याचं तं मी देईन ना. तुमी काहून देता माह्यं?"

वकिलांनी एकशे त्रेचाळीस नाणी सतरंजीवर ओतली. "ओळख मग तुझी," म्हणाले. कडी नाही, वर लखलखीत घासलेली. त्यांना स्वतःलाही ओळखता येत नव्हती आणि तिला येणार नाही याची त्यांना खात्री होती.

सोमलीबाईने भिंग मागितलं नाही. तांदूळ निवडावेत तशी ती नाणी बाजूला सारत गेली. "हे कोंबडीच्या पायाचं. हे चाळनीचं. हे माह्या सासूच्या दातानं चावलेलं, पाहा, इथं. हे दोन डोयांचं. हे बाजेचं. हे विंचू." एकेक ठसा बोटाने चाचपत तिने सहा नाणी ओच्यात टाकली. मग पुन्हा सगळी चाळली.

"इळ्याचं नाही यात," ती म्हणाली. "इळ्याचं कुठं हाये?"

वकील पंचा घडी करत बसले. मी दोनदा विचारलं तेव्हा कळलं. विळ्याच्या आकाराचा ठसा असलेलं नाणं त्यांनी नागपूरच्या एका मोठ्या साहेबांना भेट दिलं होतं. साहेबांनी त्यांच्या संग्रहाला 'उत्तम' म्हटलं होतं, म्हणून.

"सहानं हार होत नाही," सोमलीबाई म्हणाली. सहाही नाणी ओच्यात खोचली. उठली आणि निघून गेली.

त्या माणसाबद्दल बरं बोलायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, तीही त्यांनी गाजावाजा करून केली. दुसऱ्या दिवशी सभा सोडून ते एस.टी.ने नागपूरला गेले. चौथ्या दिवशी परत आले ते नाणं घेऊन. साहेब कागद उडू नयेत म्हणून ते टेबलावर ठेवत होते म्हणे, आणि मागितल्यावर हसले. ही हकीगत वकिलांनी अख्ख्या गावाला सांगितली. मदतनिधीला मात्र त्यांनी तीन झिजकी नाणी पाठवली. "अपुरा संग्रह देणं देशाला शोभणार नाही," असं त्याचं कारण.

तांड्यावर एकटं जायला त्यांना धीर होईना, म्हणून मी बरोबर गेले. सोमलीबाईने तोवर सहांना नव्या कड्या लावून घेतल्या होत्या. विळ्याचं नाणं तिने हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि सोनाराकडे द्यायला मुलीजवळ दिलं. सहाचा हार पदरावर पसरलेला होता. वकील अंगणातूनच पुढे वाकले.

"बाई, जरा पाहू का एकदा? छाप घ्यायचे राहूनच गेले."

सोमलीबाईने हार उचलून मुलीच्या गळ्यात घातला.

"पाहा ना, वकीलसाब," ती म्हणाली. "तिथूनच पाहा."

आणि भारतातल्या तिसऱ्या संग्रहाचे मालक दहा हातांवर उभे राहून, चष्मा पुसून पुसून, पाहत राहिले.